ऐरोली सोडल्याचे पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा फोनवर ‘ऑफिस कसे आहे’ असे विचारत आणि मी ‘बरे चालले आहे’ म्हणत असे, तेव्हा गेले आठ महिने मी गिरगावातल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याविषयी सांगत होते. ऐरोलीच्या नोकरीचा राजीनामा दिवाळीनंतरच दिला होता. या महिन्यापासून इथे मी कायम झाले आहे. बाबांचा रक्तदाब तेव्हा नुकताच लक्षात आला होता, म्हणून सांगण्याचा धीर झाला नाही. क्षमा करा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या चार वर्षांसाठी तुम्ही काय काय बाजूला ठेवले, हे मी विसरलेले नाही, आणि ते शिक्षण नकोसे झाले म्हणून मी इथे आलेले नाही. गेल्या महिन्यात निर्णयसागर छापखान्यात छापलेली एक संस्कृत प्रत आली. कसरीने तिची मधली पाने चाळणीसारखी केली होती. एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सोडवून, फाटलेल्या घड्या पातळ जपानी कागदाने सांधून, पुन्हा प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा नेणारी जुजबंदी शिवण घालायला मला नऊ दिवस लागले. शेवटी ती मध्यावर उघडून ठेवली, तर पाने कुठेही न ताणता सपाट राहिली. असे समाधान मला आधीच्या कामात कधी मिळाले नव्हते.

आई, जूनमध्ये तू मैद्याची खळ शिजवायचीस आणि बाबा खाकी कव्हरांचे कोपरे नखाने दाबून दुमडायचे, ते मला इथे रोज आठवते. इथल्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मी साबणाने हात धुऊनच डबा उघडते. खोली लालबागचीच आहे, मावशींचे जेवणही तेच. करी रोडहून ठाणे आणि तिथून ऐरोली ही ओढाताण संपली, बसने वेळेत घरी येते. पगार कमी आहे, पण तुमच्या औषधांचे पैसे पूर्वीसारखेच येतील. काकांना मीच सांगेन, तुम्ही संकोचू नका.

बाबा, बरे वाटते म्हणून गोळी चुकवायची नाही. आई, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नकोस, मी रजा घेतली आहे. परतताना आजीची ज्ञानेश्वरी घेऊन जाईन. तोवर तिला चिकटपट्टी लावू नका, पट्टीचा डिंक कागदात उतरून डाग पडतात.

तुमची,
धाकटी