कानबाई यंदा काकूकडे बसेल

ती. आई आणि नाना यांस सा. न.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि नाना फोन ठेवून देतात, म्हणून लिहितेय. यंदा श्रावणात कानबाई देवी आपल्या घरी बसणार नाही. धाकट्या काकूशी बोलणं झालंय, ती बसवेल. श्रावण लागायच्या आत तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं. गाडीही सांगून ठेवलीय. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "माले काही नई व्हस", आणि नाना तिच्याकडे बघून गप्प बसले असते.

आई, रोटाचं दळण, पुरणाच्या परातीपुढे मांडी घालून बसणं आता नाही. खुब्यात नवा गोळा बसवलाय. उकिडवी बसलीस किंवा मांडी घातलीस तर तो वाटीतून निसटू शकतो. आणि खुर्चीत बसून नुसत्या सूचना देणारी तू नव्हेस, हे अख्ख्या भाऊबंदकीला माहीत आहे.

नाना, हाड बसवणाऱ्याकडे नेलं असतं तर चिरफाड टळली असती, असं तुम्ही अजून म्हणता. त्या पहाटे न्हाणीत आईचा डावा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं होतं, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. मांडीचं हाड मानेपाशी मोडून सरकलं की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो जुळेल याची खात्री नसते. म्हणून या वयात गोळाच बदलतात. एक्सरेत मोठ्या लिंबाएवढा पांढरा दिसतो ना, तोच. पायाला वजन लावून दीड-दोन महिने झोपवून ठेवलं असतं तर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. म्हणून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन आणि तिसऱ्या दिवशी वॉकर. (नाना, पुढची ओळ मनातच वाचा. हे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत पाचातलं एक तरी वर्ष काढत नाही. सही करताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं.)

आई, ऑपरेशननंतर दोन रात्री तू मला मावशी समजून कापसाची वेचणी झाली का विचारत होतीस. त्याची लाज नको बाळगू, या वयात असं होतं, आणि उतरलं ना?

चूक ओल्या फरशीची, असं सगळे म्हणतात. पण मागच्या दिवाळीत खिडकीची वरची कडी तुझ्या हाताला येत नव्हती आणि मी हसले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पाठीचे मणके खचून तू बुटकी होत चालली होतीस. अडतिसाव्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, वर दम्याच्या त्या स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं. हाडं आतून पोखरत गेली आणि आम्हाला तुझे पाय दुखतात एवढंच ऐकू यायचं. ज्या डाव्या कडेवर बसून मी बोरी नदीच्या पाण्याला भ्यायचे, तीच ही बाजू.

इथे तुमची खोली न्हाणीला लागून आहे. कमोड उंच करून घेतलाय, भिंतीला दांड्या बसवल्यात, रात्री मंद दिवा राहील. कळण्याच्या भाकरीचं पीठ मागवून ठेवलंय. नानांचा पेपर सहाला दारात पडतो. पुढची दुखापत टाळायला हाडांचं इंजेक्शन सुरू करायचंय, ते वर्षातून एकदाच असतं, आधी रक्त तपासून.

आता ऐका. गाडीत पुढच्या सीटवर आईच्या खाली जाड उशी, दर दीड तासाला उतरून चालणं. आईची झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मनाने एकदम बंदही करू नका. नाना, तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू इथेच काढू, नाही म्हणू नका. त्या धुकट डोळ्यांनी तुम्ही तिला जिना उतरवता, मला झोप लागत नाही.

आणि आई, वॉकरला अडकवलेली ती सुपारीची पिशवी काढ. वजन एका बाजूला जातं.

तुमची,
बेबी