संजूच्या पायाचं माप आणि बर्फावरचे बूट

ती. आई-बाबांना सा. न.

संजूचे बर्फावरचे स्केट्स बेळगावातूनच ऑनलाइन मागवू, तीन हजारांत मिळतायत, असं आई फोनवर म्हणाली. मागवू नका. त्या किमतीत जे येतं त्याचा घोट्याजवळचा भाग मऊ असतो आणि पात्याला धड धार नसते. पाय आत कलतो आणि नवशिक्याला वाटतं, आपलेच घोटे कमजोर. दोष बुटाचा असतो.

बूट मी बघतो, तिकडून फक्त माप हवं. संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाऊल जरा फुगतं. फरशीवर कागद ठेवा, कागदाची कड भिंतीला भिडवा. संजूला पातळ मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभा करा. बाबा, पावलाभोवती रेघ ओढताना पेन्सिल अगदी उभी धरा. तिरकी झाली की टोक पावलाखाली शिरतं आणि 3-4 मिलिमीटरची चूक सहज होते. अर्धा नंबर म्हणजे साधारण 4 मिलिमीटरच! भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी घ्या (ते बोट अंगठाच असेल असं नाही), आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी रुंदी. दोन्ही पावलांची. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं उपकरण) काढू नका, स्टीलची पट्टी पुरे.

नेहमीच्या बुटाचा नंबर कळवून उपयोग नाही. जॅक्सन कंपनीचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा बहुधा लहान लागतो, इडिया कंपनीचे बूट मिलिमीटरवर मोजतात. आई, शाळेचे बूट घेताना तू एक नंबर मोठा घ्यायचीस, ते गणित इथं चालत नाही. उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकीच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागं आली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. टाच आत उचलली गेली की पातं पायाचं ऐकत नाही. मग माणूस नाडी आवळत सुटतो आणि पायाला मुंग्या येतात. जाड मोज्यांनीही तेच होतं.

दुसरी गोष्ट वजनाची. मोठ्या माणसाचं वजन मऊ बुटाला पेलत नाही, घोट्यापाशी सुरकुती पडते आणि तिथून बूट मोडतो. पण उड्या मारणाऱ्यांचे फार कडक बूटही नकोत, त्यांत घोटा वाकतच नाही आणि घोटा वाकल्याशिवाय गुडघा पुढं जात नाही. जॅक्सनचा आर्टिस्ट किंवा मिस्टिक अशा सुरुवातीच्या बुटांना 200 डॉलरच्या आसपास पडतात. बजेट तेवढंच धरूया. आधी दोन-तीन वेळा रिंकवरचे (स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरचे) भाड्याचे बूट घालून बघू दे, मगच खर्च.

बाबा, उद्यमबागेतल्या कारखान्यांत जन्म काढलेल्या माणसाला पात्याची गंमत सांगायलाच हवी. ते जेमतेम 4 मिलिमीटर जाड असतं, पण तळ सपाट नसतो. ग्राइंडिंग व्हीलची कड हिऱ्याच्या टोकानं घासून (ड्रेस करून) तिला गोलाई देतात आणि पातं त्यावरून लांबीनं ओढतात, त्यामुळं तळाला उथळ पन्हळ पडते. नवशिक्यासाठी या गोलाईची त्रिज्या बहुतेक अर्धा इंच ठेवतात. हिशोब करून बघा, पन्हळीची खोली 0.15 मिलिमीटरच्या आसपास येते! तिच्या दोन बाजूंना दोन कडा, माणूस त्यांतल्या एका कडेवर तोललेला. एक कड उंच राहिली तर पाय सतत एकीकडे ओढतो. धार लावून आणल्यावर दोन्ही कडांवर पट्टी आडवी ठेवून बाजूला गुण्या (काटकोन) लावला की चूक लगेच दिसते. नव्या पात्यालाही बहुधा आधी धार लावावी लागते.

पुढच्या टोकाला दाते असतात. संजू लहानपणी चाकांवर शिकलाय, तिथं पुढचा रबर टेकवून थांबतात. तीच सवय इथं वापरली तर दाते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. आणि हॉकीवाल्या दुकानात कुणी 'दाते काढून टाकू का' म्हणालं तर नाही म्हणायचं, हेही.

वापरलेले बूट स्वस्त मिळतात आणि वाईट नसतात. घोट्यापाशी खोल सुरकुती नको, पात्यावर खड्डे पाडणारा गंज नको. तळालगत क्रोम नसलेली एक पट्टी असते, धार तिच्यातच टिकते. ती घासून संपत आली असेल तर पातं संपलं, मग स्वस्त म्हणायचं कशाला. दुसऱ्याच्या पायाचा आकार पुरता घेतलेला बूट असला तर मात्र मी घेणार नाही.

वरखर्च दोनच. बर्फाबाहेर चालायला पात्याला प्लास्टिकची कव्हरं आणि ठेवताना कापडी. प्लास्टिकची घालूनच ठेवली तर आत पाणी कोंडतं आणि गंज धरतो. आधी फडक्यानं कोरडं पुसायचं, आईच्या विळीसारखं.

कागदाचा फोटो पाठवू नका, फोटोत माप बदलतं. मिलिमीटरचे चार आकडे लिहून पाठवा: डावी लांबी, डावी रुंदी, उजवी लांबी, उजवी रुंदी. खाली संजूचं वजन, त्यानं सांगितलेलं नव्हे, काट्यावरचं.

तुमचा
विजू