३०४ लावलं म्हणजे नेमकं काय लावलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा कोर्टाजवळ अर्ज टाइप करून देतो, वकील नाही, पण एवढ्या वर्षांत कानावर जे पडलं त्यावर लिहून राहिलो. तुमच्या पेपरात काय अन् बाकीच्यांत काय, अपघाताची बातमी आली की "ड्रायव्हरवर ३०४ लावा" असं अजूनही छापून येते. आता १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०४ म्हणजे हिसकावून चोरी, गळ्यातली पोत ओढली तर लागणारं कलम! जुनं ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध, आता १०५ झालं, ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणानं झालेला मृत्यू, त्याचं १०६ झालं, आणि घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनंच कलम चालते. हे नंबर वकिलांचेही चुकतात, बिचाऱ्या नातेवाईकाचं काय घेऊन बसले.

पण खरा घोळ नंबरचा नाहीच, शब्दाचा आहे. मागे एक जण एफआयआरची कॉपी घेऊन आला, लहान भाऊ गाडीखाली गेला होता. त्यात नेहमीचंच, "भरधाव वेगाने, निष्काळजीपणे व हयगयीने वाहन चालवून". त्यानं हयगयीवर बोट ठेवलं, म्हणे भाऊ, दूध उतू गेलं त्याले हयगय म्हणते, माणूस मेला त्यालेही हयगयच का? मी काय सांगणार. ड्रायव्हर त्याच संध्याकाळी सुटला होता, कारण १०६ जामीनपात्र आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं. १०५ लागलं असतं तर दहा वर्षांपर्यंत आणि कोर्टात उभं राहिल्याशिवाय जामीन नाही.

या दोघांच्या मधात एकच शब्द आहे, जाणीव. आपल्या हातून माणूस मरू शकते हे त्याला माहीत होतं का? डोक्यात कोण शिरून पाहणार, म्हणून दारू, वेग, रस्ता, गर्दी यावरून अंदाज काढायचा. मुंबईत २००६ मध्ये कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, खालच्या कोर्टानं निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले, हायकोर्टानं तीच घटना पाहून जाणीव होती म्हणून तीन वर्षं दिली, ते सुप्रीम कोर्टानं २०१२ ला कायम केलं. अर्थात प्रत्येक अपघात १०५ मध्ये कोंबा असं मी म्हणत नाही, मग टायर फुटलेला एसटीवाला आणि चार पेग मारून सिग्नल तोडणारा एकाच रांगेत उभे राहतील. पळून जाणाऱ्याला दहा वर्षं देणारं १०६ चं दुसरं पोटकलम तर ट्रकवाल्यांच्या संपानंतर बाकी कायद्यासोबत लागूच केलं नाही.

आणि शब्दाचा अर्थ कुठून कुठं जाते हे नागपूरकरांना नवीन नाही. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या इथल्याच खंडपीठानं पॉक्सोमधल्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातल्या, स्पर्शाचा अर्थ कातडीला कातडी लागली पाहिजे असा काढला होता, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. तिथं निदान वर कोर्ट होतं. अपघातात पहिला अर्थ लावते तो रात्री ठाण्यात ड्युटीवर असलेला पोलीस साहेब, आणि त्या वेळी जो कागद होते त्यावर पुढचं सगळं चालते. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा, पण रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलं तर काय सापडणार, सगळी जाणीव तोवर उतरून गेलेली असते!

म्हणून एवढीच विनंती की कोणतं कलम लावलं ते छापता तसं अपघात किती वाजता झाला आणि ड्रायव्हरचं रक्त किती वाजता घेतलं, हेही ठाण्यात विचारून छापत जा.

आपला एक वाचक,
सिव्हिल लाइन्स, नागपूर