शोभेच्या बाहुल्या नव्हेत
रविवारच्या पुरवणीतील हिंदी चित्रपटांवरील लेखात साठच्या दशकातील नायिकांना ‘गाण्यांपुरत्या शोभेच्या बाहुल्या’ म्हटले आहे, ते मुळीच पटले नाही. बिमल रॉय यांच्या १९६३ सालच्या ‘बंदिनी’तील नूतन आठवावी. शेजारी लोखंडावर घाव पडत आहेत, वेल्डिंगचा लखलखाट तिच्या चेहऱ्यावर उमटतो आणि विझतो आहे आणि एक शब्दही न बोलता, केवळ डोळ्यांतून, ती प्रियकराच्या पत्नीला विष देण्याच्या निर्णयापर्यंत पोहोचते. शोभना समर्थ यांच्या या लेकीचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहेच. पण तो प्रसंग पाहताना भाषेचे भानही उरत नाही. १९६२च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकने एकट्या मीनाकुमारीला मिळाली होती आणि त्यांतील ‘साहिब बीबी और गुलाम’मधली छोटी बहू ही नवऱ्याने घरी थांबावे म्हणून दारूचा पेला हाती घेणारी, आपली व्यथा उघड बोलून दाखवणारी स्त्री आहे. अशा भूमिका तेव्हाही मोजक्याच होत्या, हे मान्य. परंतु त्या वगळून अख्ख्या दशकावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे. लेखकाने निदान हे दोन चित्रपट पुन्हा पाहावेत, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे