इंजिन खोलण्याआधी आकडे मागा

महोदय,

टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, असलेल्या गाडीचा पिकअप गेला, सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला आणि ऑइल कमी व्हायला लागले की गॅरेजमध्ये दोनपैकी एक निदान ऐकू येते: ‘टर्बो गेला’ किंवा ‘इंजिन करावे लागेल’. बऱ्याचदा ते नुसता धूर पाहून केलेले असते. दोन्ही कामांचा खर्च मोठा आणि दोन्ही बिघाडांची लक्षणे मात्र सारखीच. म्हणून मालकाने होकार देण्याआधी मोजमापे कागदावर मागावीत, यासाठी हे पत्र.

लक्षणे सारखी का, ते आधी पाहू. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरतो. यालाच फिटर मंडळी ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. टर्बोच्या बेअरिंगला गेलेले ऑइल चेंबरमध्ये परत येते ते केवळ उतारावरून, त्याला मागून ढकलणारा पंप नसतो. चेंबरमध्ये दाब वाढला की ते परतीच्या नळीतच तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) किंवा सायलेन्सरकडे वाट काढते. दोष रिंगांचा, पण ऑइलने माखलेला दिसतो टर्बो. याच्या उलटही होते. टर्बोचे सील झिजले की दाबाखालचा वायू त्याच नळीने चेंबरमध्ये घुसतो, ऑइलचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर येतो आणि धडधाकट रिंगांवर ठपका बसतो. चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काजळीने बुजली तरी हेच दिसते, आणि ती साफ करायला फारसा खर्च येत नाही. त्यामुळे भरण्याच्या तोंडावर झाकण उलटे ठेवून ते उडते का, एवढे पाहून इंजिन खोलायला घेणे मला मुळीच पटत नाही.

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते मोजण्याची. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे स्पार्क प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल मिटलेला राहिला तर चांगल्या इंजिनाचेही आकडे कमी येतात. प्रत्येक सिलिंडरला सेल्फवर पाच-सहा फेरे द्यावेत. टर्बो पेट्रोलला साधारण 10 ते 13 बार, डिझेलला 20 ते 30 बार येतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक. तो 10-15 टक्क्यांपलीकडे गेला तर दुखणे आतले समजावे. पेट्रोल इंजिनात कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये हे करू नये, कारण पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की ऑइलने नवे नुकसान होऊ शकते.

खरा निवाडा करते ती लीक-डाऊन, म्हणजे बंद सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी चाचणी, आणि नेमकी तीच फार कमी ठिकाणी होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर, म्हणजे हवा दाबताना अगदी वरच्या टोकाला, आणून प्लगच्या भोकातून 100 पीएसआय हवा सोडायची. दुसऱ्या गेजवर 85 दिसले तर गळती 15 टक्के. दहापर्यंत उत्तम, वीसपर्यंत वापरलेल्या इंजिनाला चालते, तिसाच्या पुढे इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही. पिस्टन टॉपवरून जरा जरी सरकलेला असेल तर हवेच्या जोराने क्रँक झटक्यात फिरतो. तिथे हात ठेवू नये. मग कान द्यायचा. हवा सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीतून फुसफुसली तर रिंगा किंवा पिस्टन, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. या चाचणीत टर्बोचा संबंधच येत नाही, म्हणून टर्बो की इंजिन हा वाद इथे मिटतो.

कॉम्प्रेशन एका सिलिंडरला थोडे कमी, पण लीक-डाऊन अगदी चांगले, असे आले तर? पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेलेल्या गाडीत हे आढळते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी चालू होते, पण तो पिस्टन टॉपला इतरांपेक्षा काही अंश मिलिमीटर खाली राहतो. असा रॉड पुढे कधीतरी तुटून ब्लॉक फोडतो. सगळ्याच सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे कमी आणि गळती नाही, असे असेल तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे टायमिंग आधी तपासावे.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यावर छोटी डिझेल इंजिने मागे पडली आणि एक-सव्वा लिटरची टर्बो पेट्रोल इंजिने वाढली. त्यांतल्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचा एक वेगळा धोका आहे. कसारा किंवा खंबाटकीचा चढ वरच्या गिअरमध्ये, 1,500 आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून चढला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते, आणि त्या तडाख्यात पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. बोअरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत सोडायच्या कॅमेऱ्याने) वरून पाहिले तर पिस्टन ठीक दिसतो, कारण तुटलेली कड खाली दडलेली असते. लीक-डाऊनला ती सापडते. चढावर गिअर उतरवावा आणि ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. 2018 चा एपीआय एसएन प्लस आणि 2020 चा एसपी हे दर्जे आणताना हाच धोका लक्षात घेतला होता.

टर्बो तुटलेलाच निघाला तरी ऑइल फिल्टर कापून घड्या पसरून पाहाव्यात. लोहचुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा, न चिकटणारा पांढरा बहुधा पिस्टनचा किंवा बेअरिंगचा, पितळी रंगाचा बेअरिंगचा, तोही बऱ्याचदा टर्बोच्याच. टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या (कॉम्प्रेसरच्या) पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये अडकून राहतात. तो तसाच ठेवून नवा टर्बो बसवला तर ते तुकडे इंजिनात जातात. ऑइल नेणारी नळी कार्बनने बारीक झाली असेल तर नवा टर्बोही कोरडा चालून लवकरच बसतो. नळी बदलावी, टर्बोत ऑइल भरावे आणि इंजिन चालू न करता सेल्फ मारून ऑइलचा दाब येऊ द्यावा.

विम्याचेही सांगतो. पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड लागते. सर्वेक्षक येण्याआधी इंजिन खोलले तर दावा अडतो. तो समोर असतानाच दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात, आणि प्रत्येक सिलिंडरचा बार, गळतीची टक्केवारी आणि हवा कुठून आली हे जॉब कार्डवर लिहून त्यावर त्याची सही घ्यावी.

– वाहन दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, पुणे