सेनापतींच्या चोवीस पाकिटांबद्दल

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय सेनापती,

पत्र मिळालं. ट्रेकसाठी गोठवून सुकवलेल्या तयार जेवणाच्या चोवीस पाकिटांची ऑर्डर द्यायच्या आधी तुला मुदपाकखान्याला, म्हणजे मला, विचारावंसं वाटलं, हेच नवल. हरिश्चंद्रगडावर पाच किलो बटाटे चढवलेस आणि मीठ घरी विसरलास, तेव्हा नव्हतं विचारलंस.

तर चोवीस घेऊ नकोस, दहा घे. त्यातली आठ लडाखसाठी आणि दोन अलंग-मदन-कुलंग या गडांसाठी, तीही न फोडता परत आणायच्या हिशेबाने. हे मी हवेत बोलत नाहीये. गेल्या फेब्रुवारीत स्वतःच्या खिशातले पैसे घालून बघितलंय.

दोन पाकिटं आणली होती, दोन्ही राजमा-भाताची. पहिलं घरीच, ओट्यावर फोडलं. आत हलकाफुलका, खडखडणारा ऐवज. उकळतं पाणी ओतलं, तोंड बंद केलं, दहा मिनिटं थांबलो. उघडलं तर खरंच राजमा-भात! दाणा अख्खा, वासही बरा. आई म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत शेवटी उरतो तसा झालाय." चवीबद्दल याहून नेमकं मला सांगता येणार नाही. मीठ मात्र सढळ. पाकिटावर 'दोन जणांसाठी' असं छापलं होतं. ते दोघे बहुधा आजारी असावेत, कारण पाकीट होतं ८५ ग्रॅमचं. त्यातून साडेतीनशे-चारशे कॅलरी मिळणार. सॅक पाठीवर घेऊन दिवसभर चढउतार केली की तीन-साडेतीन हजार सहज लागतात. शेंगदाण्याची चिक्की शंभर ग्रॅम खाल्लीस तर पाचशेच्या आसपास मिळतात, आणि तिला पाणी लागत नाही.

पाण्याचंच तर सगळं आहे. दुसरं पाकीट राजगड-तोरण्याच्या वाटेवर फोडलं. संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरलो आणि धारेला लागलो. ती धार तुला माहीत आहे, पाण्याच्या नावाने बोंब. दोघांत मिळून पाच लिटर पाणी होतं. त्यातलं तीनशे मिली मी या पाकिटात ओतलं, आणि ओतता ओतता डोक्यात प्रकाश पडला. ८५ ग्रॅमचं कौतुक करत मी ज्याचं वजन वाचवलं म्हणत होतो, ते पाणी सकाळपासून माझ्याच पाठीवर होतं! जेवण सुकं असो की ओलं, गडावर टाकं भरलेलं नसेल तर वजन तेच. शिवाय स्टोव्ह आणि गॅसचं डबडं वेगळं. त्यापेक्षा आईच्या दशम्या आणि लसणाची चटणी नेली असती तर निदान पाणी प्यायला उरलं असतं.

पुढची गंमत ऐक. राजमा ओरपून उठलो, वीस मिनिटं चाललो, तर झाडाखाली एक मावशी ताक, लिंबू सरबत घेऊन बसलेल्या. "पिठलं-भाकरी टाकू का?" म्हणाल्या. मी पाकिटाच्या किमतीत त्यांच्याकडे किती जण जेवले असते याचा हिशेब केला आणि गप्प बसलो. सह्याद्रीत हे असंच आहे. गडाच्या पायथ्याला नाहीतर पोटाला कुणाचं तरी घर असतं, धनगराचं झाप असतं, चूल पेटलेली असते. तिथे पाकीट फोडणं मला तरी अपमानच वाटतो, आपला आणि चुलीचा.

पण मग हे पाकीट महाग का, असं तू विचारशील. मीही सुरुवातीला 'लुटतात लेकाचे' म्हणालो होतो. तसं नाहीये. शिजवलेलं अन्न आधी कडक गोठवतात. मग बंद पेटीत ठेवून हवा उपसतात, इतकी की बर्फाचं पाणी न होता थेट वाफच व्हावी. त्यासाठी दाब ६ मिलिबारच्या खाली आणावा लागतो. पुण्यात तो साडेनऊशेच्या आसपास असतो, यावरून अंदाज कर. एक घाणा निघायला दिवस-दीड दिवस लागतो, यंत्र तेवढा वेळ वीज खात बसतं. पण बर्फ जिथून उडून जातो तिथे बारीक बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे दाणा आक्रसत नाही आणि गरम पाणी झटकन आत शिरतं. आपली कुरडई किंवा सांडगे उन्हात वाळताना अंग चोरतात, म्हणून त्यांना नंतर तळावं नाहीतर शिजवावं लागतं. अँडीजच्या डोंगरातले लोक हे शेकडो वर्षं यंत्राशिवाय करत आलेत. बटाटे रात्रीच्या थंडीत गोठू द्यायचे, पायाखाली तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. त्याला ते चुन्यो म्हणतात. तिकडची थंडी आपल्या गच्चीवर आणता आली असती तर आईने बटाट्याच्या किसाऐवजी तेच केलं असतं.

आता लडाख. तिथे मात्र मी पाकिटांच्या बाजूने आहे. तुमचा मुक्काम साडेचार हजार मीटरच्या आसपास. तिथे पाणी ८५ अंशांनाच उकळायला लागतं. राजगडावर, १३७६ मीटरवर, ९५ला उकळतं आणि तिथेच डाळ कुरकुर करते. वर तर कुकर नसेल तर तूरडाळ रात्रभर हसत बसेल. पाकिटातलं अन्न आधीच शिजलेलं असतं, त्याला फक्त भिजायचंय. ८५ अंश पुरतात, गॅसही कमी जळतो. ओढ्यात पाणी आहे, वाटेत चूल नाही, हात गारठलेत, भांडी घासायचं जिवावर आलंय. अशा वेळी त्या पैशांचं चीज होतं. चार रात्री, दोघे, म्हणून आठ. सकाळी मात्र सातूचं पीठ आणि खजूर. न्याहारीची पाकिटं घेऊ नकोस, गोड लापशीचे एवढे पैसे मोजवत नाहीत. आणि गॅस तिकडेच लेहमध्ये घे, विमानात नेऊ देत नाहीत.

अलंगसाठी आपण घरचंच करू. कुलंगवर टाक्यांची रांगच आहे, डिसेंबरात पाण्याची चिंता नाही, म्हणजे सुकं नेण्यात अर्थ आहे. पण सुकं म्हणजे विकतचंच असं कुणी सांगितलं? रवा खमंग भाजून, त्यातच फोडणी, वाळवलेला कढीपत्ता, मीठ, साखर घालून मी पिशव्या भरतो. वर फक्त उकळतं पाणी आणि भांड्याला मफलर गुंडाळून दहा मिनिटं. मुगाची खिचडी मऊ शिजवून, तूप अजिबात न घालता (स्निग्ध वाळत नाही, खवट होतं) ताटात पातळ पसरून वाळवतो. नोव्हेंबरच्या पुण्याच्या उन्हाला दोन दिवस लागतात. ती भिजायला अर्धा तास घेते, हे खरं. तेवढा वेळ तू तुझी ती तोफांची गोष्ट सांग, नाहीतरी सांगणारच आहेस. तूप वेगळ्या बाटलीत, वरून. मेतकूट, पोहे, सांडगी मिरच्या आहेतच. पहिल्या रात्रीला किराणा दुकानातली पालक पनीरची तयार पाकिटं चालतील. ती जड असतात, पण पाणी मागत नाहीत.

ती दोन विकतची पाकिटं सॅकच्या तळाशी राहू देत. दोर अडकला, कुणाचा पाय मुरगळला, एक रात्र वाढली, तर. नाहीतर पुढच्या वर्षी. मुदत मोठी असते त्यांची, पण फोडलेलं ठेवू नकोस. जुलैत मी आणखी एक फोडून अर्धं उरवलं होतं, दुसऱ्या दिवशी चिकट गोळा. आणि रिकामी पाकिटं खाली आणायची. आत प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते ना कुजत, ना भंगारवाला घेत.

शुक्रवारी ये. वजनकाटा काढून ठेवतो. तुझी सॅक मोजल्याशिवाय मी तुला निघू देणार नाही.

तुझा,
मुदपाकखाना

ता. क. पाणी ओतायच्या आधी आतली छोटी पुडी काढायची. ऑक्सिजन शोषायला त्यात लोखंडाची पूड असते. त्या धारेवर मी ती तशीच भिजवली आणि मसाल्याची समजून फोडायला निघालो होतो. आणि साधा चमचा पाकिटाच्या तळाला पोचत नाही, बोटांच्या पेरांपर्यंत राजमा लागतो. आईचा लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा मागून ठेवलाय. तिला अजून कारण सांगितलेलं नाही.