फसलेले ब्रेकआउट पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब लिहितो. बटाटा-रताळ्याचा सीझन आला की जेवायला पण टाइम मिळत नाही, तरी गेली चार वर्षं शेअरचे चार्ट बघतोय म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आमच्या अनगोळ, वडगाव, येळ्ळूर भागातली पोरं सकाळी सव्वानऊ वाजले की मोबाईल उघडून बसतात. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला इथं सरकारी नोकरी म्हटलं की कन्नडची परीक्षा आडवी येते, उद्यमबागेत फाउंड्रीत मिळतो तो पगार पुरत नाही, मग कुणीतरी टेलिग्रामच्या ग्रुपात घालतो आणि "बॉक्स तुटला, घे की, कशाला थांबायलास" एवढ्यावर ट्रेडिंग चालू होतं. बॉक्स म्हणजे भाव ज्या दोन मर्यादांच्या मध्ये अडकून फिरतो ती पट्टी, आणि भाव ती तोडून वर निघाला की त्याला ब्रेकआउट म्हणतात.

चार्ट खोटा नसतो, आणि यार्डात वाढलेल्या माणसाला तर तो लवकर समजतो. रताळ्याचा भाव कधी कधी आठ-दहा दिवस एकाच जागी धरून बसतो, जरा वर गेला की शेतकरी माल सोडतात, जरा खाली आला की घेणारे येतात, आणि मग एक दिवस त्या वरच्या भावाला माल सोडणारेच उरत नाहीत आणि भाव एकदम सुटतो. शेअरचं कन्सॉलिडेशन म्हणजे हेच. समजा एखादा शेअर अडीच महिने 410 ते 450 मध्ये फिरतोय आणि 450 आला की कोणतरी विकतंय, तर त्या विकणाऱ्यांचा माल संपला की तो वर निघणार, त्यात ज्यांनी शॉर्ट केलंय, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून ठेवलंय, त्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ठरलेल्या भावाला आपोआप होणारे सौदे, पण 450 च्या वरच ठेवलेले असतात, ते उडले की अजून खरेदी होते आणि जोर येतो. निकोलस डार्वस नावाचा एक डान्सर 1950 च्या दशकात असे बॉक्स धरूनच शेअर घ्यायचा. कँडलचे चार्ट, म्हणजे दिवसाचा चढउतार मेणबत्तीसारख्या आकृतीनं दाखवणारे, ते तर जपानमधल्या तांदळाच्या व्यापारातून आलेत असं सांगतात, म्हणजे मूळचा विषय आमच्यासारख्या बाजारातलाच.

पण हेच आकडे मी का दिले ते सांगतो. हा माझाच ट्रेड आहे. सकाळी अकरा वाजता दुकानात कट्ट्यांवर मोबाईल ठेवून बघत होतो, भाव 456 झाला, ग्रुपवर फटाके उडायला लागले, मी 100 शेअर घेतले. खाली व्हॉल्यूमची, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली त्याची, दांडी रोजच्यापेक्षा बारकी होती, ती बघितलीच नाही. साडेतीनला क्लोजिंग 443, म्हणजे शेअर परत बॉक्सच्या आत. 438 चा स्टॉपलॉस लावला होता, तो भाव 441 ला आल्यावर मी स्वतःच्या हातानं काढला, कारण वाटलं परत वर जाईल. तीन आठवड्यांनी 392 ला विकला, 6400 रुपये गेले, चार्जेस वेगळे. आमच्यासारख्या पगारदाराच्या घरात 6400 म्हणजे काय ते सांगायला नको. घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

तेव्हापासून दिवसाची कँडल 450 च्या वर बंद झाल्याशिवाय, आणि ती पण दांडगं व्हॉल्यूम घेऊन, मी हात लावत नाही. बऱ्याच वेळा शेअर वर जाऊन परत 450 ला टेकायला येतो, तिथं टिकला तर घ्यायला जास्त बरं पडतं, नाही आला तर सोडून द्यायचा. आणि किती शेअर घ्यायचे हे आधी ठरतं. लाखाच्या भांडवलावर एका ट्रेडमध्ये 1000 च्या वर घालवायचे नाहीत असं धरलं, घेतला 454 ला आणि स्टॉपलॉस 438, तर एका शेअरमागं 16 रुपयांची रिस्क, म्हणून 62 शेअर, बस. हे गणित कुठलाच टिप देणारा सांगत नाही, तो फक्त शेअरचं नाव आणि टार्गेट सांगतो.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले होते, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या 100 साध्या ट्रेडरांपैकी 93 तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्याच्या आधी जुलैत कॅशमधल्या इंट्राडेचं, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकण्याचं, सांगितलं होतं, 2022-23 मध्ये 10 पैकी 7 जण तोट्यात. आणि आमच्या गल्लीतली पोरं दोन-चार ब्रेकआउट जमले की थेट ऑप्शनवर जातात, माझी खरी काळजी ती आहे.

म्हणून विनंती अशी की आपण आठवड्यातून एकदा चार्टवर एक मराठी कॉलम चालू करा, पण त्यात चाललेले आणि फसलेले ब्रेकआउट शेजारी शेजारी छापा. मोबाईलवर काय, क्लासमध्ये काय, सगळीकडे फक्त चाललेलाच चार्ट दाखवतात, आणि तो बघून पोराला वाटतं की बॉक्स तुटला म्हणजे पैसे आलेच. जानेवारी 2025 मध्ये सेबीनं नियम केला होता की शिकवणाऱ्यानं शेअरचे भाव कमीत कमी तीन महिने जुने वापरायचे. आपल्याला ते सोयीचंच आहे, जुना चार्ट घेतला की पुढं काय झालं ते वाचणाऱ्याला लगेच दिसतं आणि टिप दिल्यासारखं पण होत नाही. लिहिणारा माणूस सेबीकडं रजिस्टर असलेला बघा, ते नंबरवरून सेबीच्या साइटवर तपासता येतं. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत पण आपला पेपर जातो, तिथं मोबाईल पोचलाय पण हे नीट मराठीत समजावणारं कोणी पोचलेलं नाही.

फसलेला चार्ट द्यायला कोणी तयार होत नसेल तर माझा 456 चा घ्या. तारखा आणि कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं दिलेली सौद्याची पावती, सगळं जपून ठेवलंय, ऑफिसात आणून देतो.

आपला नेहमीचा वाचक,
मार्केट यार्ड, बेळगाव